सोटा, गुर्ज, घण



निमंत्रणपत्रिकेवर तुम्ही तलवारीचं चित्र पाहिलं असेल. शस्त्रांवर व्याख्यान म्हटल्यावर छापखान्याने तलवार छापली, त्यात त्याची काही चूक नाही. शस्त्र म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे धार येते, पातं येतं, मूठ येते. पण आज संध्याकाळी तलवार म्यानातच राहणार आहे. आज मी बोलणार आहे ते धार नसलेल्या शस्त्रांवर. सोटा, गुर्ज म्हणजे गदा, घण, काटेरी दंडुका, साखळीचा गोळा. कापत नाहीत, ठेचतात अशी शस्त्रं. आणि ती मुख्यतः युरोपातली, अकराव्या शतकापासून पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंतची. मधूनमधून इराणात आणि आपल्याकडे डोकावेन.

तलवारीला नावं असतात. रोलाँची दुरांदाल, आर्थर राजाची एक्सकॅलिबर, आपली भवानी. सोट्याचं बारसं कोण करतो? विष्णूच्या कौमोदकीचा अपवाद आधीच मान्य करून ठेवतो, नाहीतर प्रश्नोत्तरांत कोणीतरी मला पकडेल. पण माणसांच्या जगात बोथट शस्त्र बहुधा बेनाम राहिलं. ते तलवारीच्या शेजारी काचेच्या कपाटात ठेवलेलं असतं आणि आपण त्याच्यापुढून पटकन निघून जातो.

या शस्त्रांवरच्या पुस्तकांत एक तक्ता हमखास सापडतो. गोल डोक्याचं ते अमुक, पाकळ्यांचं ते तमुक, काटे असले तर तिसरंच काही. हा तक्ता खोटा नाही, पण अपुरा आहे, आणि त्यातली कितीतरी नावं लढणाऱ्यांपेक्षा पुढच्या काळातल्या संग्राहकांनी पक्की केली. माझं म्हणणं असं की बोथट शस्त्रांमधला फरक समजून घ्यायचा तर शस्त्राकडे बघण्याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत. समोरच्याच्या अंगावर काय आहे? आणि हे धरणाऱ्याच्या हातात काल काय होतं? पहिल्या प्रश्नातून आकार कळतो. दुसऱ्या प्रश्नातून शस्त्राची जात कळते. जात हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे.

त्याआधी एक गैरसमज वाटेतून बाजूला करू. वजन.

भिंतीवरच्या चित्रांतल्या भीमाच्या खांद्यावरची गदा आठवा. कलिंगडाएवढा गोळा असतो. आता हा गोळा एक फूट व्यासाचा आणि भरीव लोखंडाचा धरला, तर वजन किती भरेल? शाळेतलं घनफळाचं सूत्र लावा. शंभर किलोच्या वर. भीमाला ते पेलत असेल, त्याच्याबद्दल मी काही बोलत नाही. पण घोड्यावर बसून, एका हातात लगाम धरून, दुसऱ्या हाताने दिवसभर जे फिरवायचं, ते शंभर काय, पाच किलोचंही चालत नाही. सात सेंटीमीटर व्यासाचा भरीव लोखंडी गोळा साधारण 1.4 किलोचा होतो. बस्स. म्हणून संग्रहालयांतल्या खऱ्या मध्ययुगीन गदा पाहिल्या की माणसं हिरमुसतात. डोकं मुठीएवढं, दांडा हातभर, एकूण वजन बहुतेक वेळा किलो ते दीड किलो. म्हणजे त्या काळच्या एका हाताच्या तलवारीएवढंच.

मग फरक कुठे? वजन कुठे ठेवलंय त्यात. तलवारीचा तोल मुठीजवळ असतो, त्यामुळे ती हातात वळते, वार चुकला तर परत फिरते. गदेचं सगळं वजन टोकाला. ती एकदा निघाली की निघाली. वार चुकला तर हात तिच्यामागे ओढला जातो आणि तेवढ्या क्षणात समोरचा तुमचा हिशेब करतो. गदा ही कौशल्य नसलेल्याची तलवार होती, असं जे सर्रास म्हटलं जातं, ते मला पटत नाही. चुकल्यावर सावरायला वेळ न देणारं हत्यार वापरायला कौशल्य जास्तच लागतं.

आता पहिला प्रश्न. समोरच्याच्या अंगावर काय आहे?

अकराव्या-बाराव्या शतकात उत्तर होतं कड्यांचं चिलखत. हजारो लोखंडी कड्या एकमेकींत ओवलेल्या, कड्यांना बारीक खिळे ठोकलेले. खाली जाड, शिवलेली बंडी. तलवारीचा कापणारा वार या जाळीवर जवळजवळ वाया जातो. धार कड्यांवरून सरकते. पण जाळीचा एक दोष आहे. ती मऊ आहे, लवचिक आहे, अंगाबरोबर वाकते. गोधडीत काचेची बरणी गुंडाळा आणि वर वरवंटा हाणा. गोधडीला भोक पडणार नाही. बरणीचं काय झालं ते गोधडी उलगडल्यावर कळेल. कड्यांच्या चिलखतात हात, खुबा, खांद्याचं हाड यांचं नेमकं हेच व्हायचं. चिलखत शाबूत, आतला माणूस मोडलेला. या काळाला साधं, गोल किंवा गाठीगाठींच्या डोक्याचं हत्यार पुरत होतं. त्याला काही टोचायचं नव्हतं, नुसतं पोचायचं होतं.

मग चिलखत बदललं. तेराव्या शतकापासून हळूहळू, आणि चौदाव्या-पंधराव्यात झपाट्याने, कड्यांच्या वर लोखंडी पत्रे चढले. गुडघ्यावर, कोपरावर, छातीवर, शेवटी सगळ्या अंगावर. हे पत्रे सपाट नव्हते. लोहार त्यांना गोलाई द्यायचा, कणा काढायचा, अशा कोनात वळवायचा की वार पडला तरी घसरून जावा. आता गोल डोक्याची गदा अशा गोलाईवर आपटली तर काय होईल? गोल वस्तू गोल वस्तूवरून निसटेल.

इथे त्या पाकळ्या कामाला येतात. गदेच्या डोक्याभोवती उभ्या लोखंडी पात्या बसवायच्या, सहा-सात. फायदा दुहेरी. एक तर मधलं लोखंड कमी होतं, वजन वाचतं. दुसरं, सगळा आघात एका पातीच्या अरुंद कडेवर येतो. ती कड पत्र्यात रुतते, घसरत नाही. पत्रा आत दबतो. आणि दबलेला पत्रा काढता येत नाही हो! कोपराच्या सांध्यावरचा पत्रा चेपला की हात वळायचा बंद. शिरस्त्राण चेपलं की ते डोक्यावरून उतरवायलाच लोहार लागायचा.

रशियापासून इराणपर्यंत आणि तिथून दिल्ली-दख्खनपर्यंत हीच सहा पात्यांची रचना आपल्याला भेटते. मुघलांच्या शस्त्रागारात तिला शशपर म्हणत. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त शस्त्रांची जी यादी आहे, तीत गुर्जाच्या जोडीने हीही मोजलेली आहे. कोणी कोणाकडून उचललं, यावर पंडितांनी भांडावं. मला एवढंच दिसतं की लोखंडी टोपी सगळीकडे गोल होती, म्हणून तिच्यावरचा उताराही सगळीकडे सारखाच निघाला.

पंधराव्या शतकात पत्रा अजून चांगला झाला. मग पातीही पुरेना. तेव्हा आला युद्धाचा घण. घण म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे दगड फोडणाऱ्याचा घण येईल. तो विसरा. याचं तोंड जेमतेम दोन बोटांचं, आणि मागच्या बाजूला वाकडी, टोकदार, जाड चोच. तोंडाने ठोकायचं, समोरचा भेलकांडला की हत्यार हातातल्या हातात फिरवून चोच मारायची. चोचीने पत्र्याला भोक पडतं. तोटा? चोच अडकते. अडकलेलं हत्यार सोडवत बसलेला माणूस रणांगणावर फार काळ बसत नाही. म्हणून चोचीचा दुसरा उपयोगच जास्त कामाचा ठरला: आकड्यासारखी अडकवून घोडेस्वाराला खाली ओढणं, पायी लढणाऱ्याचा गुडघा मागून खेचणं. आपल्याकडच्या जाघनोल या हत्याराची चोचही याच जातीची.

आणि इथे एक सुंदर गोष्ट घडते. सुंदर म्हणजे विचार करायला सुंदर. पत्र्याचं चिलखत इतकं भरवशाचं झालं की ढालीची गरज उरली नाही. ढाल गेली. ढाल गेली म्हणून डावा हात मोकळा झाला. डावा हात मोकळा झाला म्हणून दोन हातांची शस्त्रं आली. माणसाएवढ्या उंच दांड्यावर घण, त्याच्या पाठीला चोच किंवा कुऱ्हाड, वर भाल्याचं टोक, आणि दांडा तलवारीने तुटू नये म्हणून दोन्ही बाजूंना खाली उतरलेल्या लोखंडी पट्ट्या. इंग्रज त्याला पोलॅक्स म्हणत. हे गावठी हत्यार नव्हे. बर्गंडीच्या दरबारातून आलेली या शस्त्राची एक तालीमपोथीच आहे, पंधराव्या शतकातली. ती वाचताना गंमत वाटते. डोक्याने ठोकण्यापेक्षा दांड्याच्या खालच्या टोकानं ढकलणं, अडवणं, पाय काढणं यावरच तिचा भर आहे. ठोकणं सगळ्यांनाच येतं, शिकवायचं ते बाकीचं.

पुरावा? 1461 साली 29 मार्चला इंग्लंडात टाउटन इथे यॉर्क आणि लँकेस्टर घराण्यांची मोठी लढाई झाली. 1996 साली तिथे बांधकाम चालू असताना एक सामूहिक दफन उघडं पडलं. हाडांच्या तज्ज्ञांनी कवट्या तपासल्या. धारदार शस्त्रांच्या जखमा सर्वाधिक, पण ठेचलेल्या जागाही आहेत आणि काही भोकं अशी की ती चोचीशिवाय पडत नाहीत. म्हणजे घण आला म्हणून तलवार निवृत्त झाली नाही. एकाच माणसावर तीन जणांनी तीन हत्यारं चालवली.

मागच्या रांगांना ऐकू येतंय ना? ठीक.

आता दुसरा प्रश्न, आणि मला खरा रस यात आहे. हातात कोणाच्या?

एक ऐकीव गोष्ट तुम्हालाही ठाऊक असेल. मध्ययुगातल्या धर्मगुरूंना रक्त सांडायला बंदी होती, म्हणून ते तलवार न घेता गदा घेऊन लढत. ठेचलं की रक्त निघत नाही, असा त्यामागचा युक्तिवाद. कवटी फोडल्यावर रक्त निघत नाही असं ज्याला वाटतं, त्याने कवटी फुटलेली पाहिलेली नाही. चर्चने बंदी घातली होती हे खरं, पण ती लढण्यालाच होती. त्यात गदेची पळवाट नव्हती. पळवाट पुढच्या लोकांनी शोधली, आणि विसाव्या शतकात अमेरिकन खेळांनी, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’सारख्यांनी, ती घरोघरी पोचवली.

या कथेचं मूळ बहुधा एका भरतकामात आहे. नॉर्मंडीतल्या बायू गावची सुमारे 70 मीटर लांबीची एक कापडी पट्टी आहे. 1066 च्या हेस्टिंग्जच्या लढाईची गोष्ट तिच्यावर लोकरी धाग्यांनी काढली आहे. त्यात विजेत्या विल्यमचा सावत्र भाऊ, बायूचा बिशप ओदो, घोड्यावर बसून सोटा उगारून पोरांना धीर देतो आहे. बघा, बिशपच्या हातात सोटा! पण जरा पुढची पट्टीही बघा. तिथे खुद्द विल्यमच्या हातातही तसाच सोटा आहे. तो काही बिशप नव्हता. म्हणजे तो सोटा धर्माचा नव्हता, तो अधिकाराचा होता. फौजेला वळवणाऱ्याच्या हातातला दांडा होता.

खऱ्या अर्थाने गदा चालवणारा बिशप पाहायचा असेल तर बोव्हेचा फिलिप द द्रू. फ्रान्सच्या राजाचा चुलतभाऊ, धर्मगुरू नावापुरता. 1197 मध्ये इंग्लंडच्या रिचर्डच्या माणसांनी त्याला चिलखतासकट पकडलं. पोपने सुटकेची रदबदली केली तेव्हा रिचर्डने त्याचं चिलखतच पोपकडे पाठवलं, हा अंगरखा तुमच्या मुलाचा आहे का ते ओळखा म्हणून, अशी कथा सांगतात. कथा खरी असो नसो, रिचर्डला शोभणारी आहे. पुढे 27 जुलै 1214 ला बूव्हीनच्या लढाईत याच बिशपने सॅलिस्बरीच्या अर्लला, राजा जॉनच्या सावत्र भावाला, गदेने घोड्यावरून लोळवलं. तेव्हाच्या राजकवीने बिशपची बाजू सावरून घेताना लिहिलं की त्याच्या हातात ती गदा योगायोगाने होती. योगायोगाने! लढाईला सहज फिरायला आल्यासारखं.

तर सरदाराच्या हातातल्या बोथट शस्त्राची वाट अशी चालते. रणांगणातून दरबारात. धातूची गदा महाग, ती धरणारा घोड्यावर, आणि घोड्यावरचा माणूस हुकूम सोडणारा. म्हणून मारायचं काम कमी होत गेलं आणि दाखवायचं वाढत गेलं. हे काही मध्ययुगाने शोधलं नाही. पाच हजार वर्षांपूर्वी इजिप्तच्या नार्मर राजाने पाटीवर स्वतःला कोरून घेतलं तेव्हा हातात उगारलेली गदाच होती. युक्रेनच्या कोसॅक सेनापतींची खूण गदाच होती आणि आजही तिथला राष्ट्राध्यक्ष शपथ घेतो तेव्हा ती त्याच्या हाती देतात. इंग्लंडच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये टेबलावर गदा ठेवलेली नसेल तर सभागृहाचं कामकाज चालू शकत नाही. क्रॉमवेलने 1653 मध्ये संसद हाकलली, तेव्हा ती गदा उचलून न्यायला लावली होती. त्याला नेमकं कळलं होतं कुठे हात घालायचा ते.

मुघल दरबारात गुर्जबरदार असत. हातात गुर्ज घेतलेले बादशहाचे हुकूमदूत. गुर्जबरदार आला म्हणजे खुद्द बादशहाचा शब्द आला. आणि आपल्याकडे? दरबार गेले, भालदार गेले, पण चोपदार कुठे गेले? ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या तळावर समाजआरतीच्या वेळी या. लाखोंचा गलबला चाललेला असतो. चोपदार चोप वर करतो आणि सगळा तळ एका क्षणात शांत होतो. त्या चांदीच्या दांड्याने कोणालाही मारलेलं नाही. मारायची गरजच उरलेली नाही. लढाईतल्या दांड्याचं इतकं टोकाचं आणि इतकं सौम्य रूप मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. महाराष्ट्र केसरीची चांदीची गदा त्याच घराण्यातली, पण धाकटी.

ही झाली वरची वाट. आता खालची.

खालच्या वाटेवरचं बोथट शस्त्र शस्त्र म्हणून जन्माला येतच नाही. ते आधी अवजार असतं.

1302 साल. फ्लँडर्स, आजच्या बेल्जियमचा पश्चिम भाग. विणकरांची, रंगाऱ्यांची, खाटकांची श्रीमंत शहरं: ब्रुज, घेंट, ईप्र. फ्रान्सच्या राजाने हा मुलूख खालसा केला होता. मे महिन्यात ब्रुजच्या लोकांनी पहाटे उठून फ्रेंच शिबंदी कापून काढली. राजाने बदला घ्यायला आर्त्वाच्या रॉबेरला पाठवलं, सोबत अडीच हजारांच्या आसपास चिलखती घोडेस्वार, तेव्हाच्या युरोपातले सर्वोत्तम. कोर्त्रिक गावाबाहेर 11 जुलैला गाठ पडली. समोर पायदळ, बहुतेक शहरी कारागीर. पुढाऱ्यांपैकी एक होता पीटर द कोनिंक, ब्रुजचा विणकर.

आणि हातात? खूदेंदाख नावाचा दंडुका. सुमारे दीड मीटर लांब, खाली बारीक, वर जाड होत गेलेला लाकडी दांडा. वरच्या जाड टोकाला लोखंडी कडं, आणि त्यातून सरळ वर निघालेला एक खिळा. बस्स. सुताराने दांडा करावा, लोहाराने टोक ठोकावं, गरिबालाही परवडावं. ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात एक ओकची पेटी आहे, तिच्या दर्शनी फळीवर या लढाईचे प्रसंग कोरलेले आहेत. त्यात हे दंडुके खांद्यावर टाकून ओळीने चाललेली माणसं दिसतात. एकाही चेहऱ्यावर वीरश्री नाही. कामावर निघाल्यासारखे दिसतात.

रचना साधी होती. लांब भालेवाले आणि दंडुकेवाले आलटून पालटून, खांद्याला खांदा लावून. पुढे ओढे, पाट, ओली जमीन. घोडा धावत येतो, पण ओढ्यावर अडखळतो, वेग मोडतो. भाला घोड्याला थोपवतो. थांबलेल्या घोड्यावर दंडुका पडतो, आधी घोड्यावर, मग स्वारावर. खाली पडलेल्या, लोखंडात अडकलेल्या माणसाला वरचा खिळा चिलखताच्या फटीत शोधतो. त्या काळी सरदाराने सरदाराला जिवंत पकडायचं आणि खंडणी घेऊन सोडायचं, असा शिष्टाचार होता. युद्ध हा वरच्या लोकांचा देवघेवीचा व्यवहार होता. विणकरांनी कैदी धरायचेच नाहीत असं आधीच ठरवलं होतं. रॉबेर पडला, त्याच्याबरोबर हजारावर सरदार आणि उमराव पडले. त्यांच्या टाचांच्या सोनेरी आऱ्या गोळा करून, परंपरेने पाचशे जोड्या म्हणतात, कोर्त्रिकच्या चर्चमध्ये टांगल्या. लढाईचं नावच सोनेरी आऱ्यांची लढाई पडलं.

फ्रेंच दरबाराला खुपलं ते काय? हरणं नव्हे. हरले ते आधीही होते. खुपलं ते कोणाच्या हातून आणि कशाने, हे.

आता ऐंशी वर्षं पुढे या. 1382. त्या एका वर्षात या गोष्टीचे दोन धागे एकत्र येतात.

1 मार्चला पॅरिसच्या बाजारात नवा विक्रीकर वसूल करायला माणसं आली. राजा सहावा शार्ल तेरा वर्षांचा पोर, कारभार काकांचा. पालेभाजी विकणाऱ्या एका बाईकडे वसुलीवाल्याने पैसे मागितले आणि ठिणगी पडली, असं सांगतात. जमाव नगरभवनावर चालून गेला. तिथे इंग्रजांशी लढायला म्हणून शहराने शिशाच्या डोक्यांचे लांब दांड्याचे हातोडे साठवून ठेवले होते. ते लोकांनी उचलले आणि वसुलीवाल्यांच्या डोक्यात घातले. त्या दंगेखोरांना हातोडेवाले म्हणूनच इतिहासात नाव पडलं, मायोतँ. शिसं का, असं कोणी विचारेल. शिसं मऊ, पण जड आणि ओतायला सोपं. डोकं फोडायला कठीण धातूची गरज नसते, वजनाची असते. तेहतीस वर्षांनी आझँकूरला इंग्रज तिरंदाजांनीही मेखा ठोकायचे हातोडेच चिखलात रुतलेल्या फ्रेंच सरदारांवर चालवले.

त्याच वर्षी फ्लँडर्स पुन्हा उठलं होतं. 27 नोव्हेंबरला रोझबेक इथे फ्रेंच फौजेने त्यांना गाठलं. यावेळी फ्लेमिश लोक एका गच्च गठ्ठ्यात उभे होते, फ्रेंचांनी दोन्ही बाजूंनी दाबलं, आणि पुढारी फिलिप व्हान आर्तेवेल्डेसकट कितीतरी माणसं गर्दीतच मेली. मग विजयी सैन्य मुद्दाम वाट वाकडी करून कोर्त्रिकला गेलं. ऐंशी वर्षांपूर्वीच्या त्या आऱ्या चर्चमधून उतरवल्या. गाव जाळलं. आणि बर्गंडीच्या ड्यूकने तिथल्या मनोऱ्यावरचं घड्याळ उतरवून दिज्याँला नेलं. त्या घड्याळात हातोड्याने घंटेवर टोला देणारा एक पुतळा होता. दिज्याँच्या चर्चवर तो खेळ आजही चालू आहे. विणकरांच्या गावातला हातोडेवाला ड्यूकच्या गावात टोले देतो आहे, याची गंमत तिथल्या पर्यटकांना बहुधा ठाऊक नसते.

पुढच्या जानेवारीत राजा पॅरिसला परतला, तो जिंकलेल्या शहरात शिरावं तसा. वेशींचे दरवाजे काढले. रात्री रस्त्यावर आडव्या ओढायच्या साखळ्या उचलल्या. लोकांची हत्यारं जमा करून घेतली. मग तोच कर पुन्हा बसवला. क्रम लक्षात घ्या. आधी हातोडे, मग कर.

शेवटचा मुक्काम बोहेमिया, आजचं चेक प्रजासत्ताक. यान हुस या धर्मसुधारकाला 1415 मध्ये जाळलं, त्याचे अनुयायी चार-पाच वर्षांत शस्त्र घेऊन उठले. शस्त्र म्हणजे घरात होतं ते. युरोपात धान्य झोडपायला दोन दांडक्यांचं अवजार असे, एक लांब, एक आखूड, मध्ये चामडी वादी किंवा लोखंडी कड्या. आपल्याकडे कोकणात भाताच्या पेंढ्या फळीवर झोडत, देशावर बैलांकडून मळणी होई. तिकडे हे दांडकं. शेतकऱ्याच्या पोराचा हात त्यावर लहानपणीच बसलेला. आखूड दांडक्यावर लोखंडी पट्ट्या आणि खिळे ठोकले की झालं. सांध्यामुळे टोकाचा वेग वाढतो, आणि ढाल आडवी धरली तरी टोक तिच्यावरून पलीकडे वळतं. हुसवाद्यांचा एकाक्ष सेनापती यान झिझ्काने हे लोक गाड्यांवर उभे केले. शेतगाड्या साखळ्यांनी एकमेकींना बांधायच्या, तो किल्ला. उंचावरून खाली झोडपायचं. घोडेस्वार गाडीवर चढू शकत नाही, आणि गाडीतला खाली उतरत नाही. 1420 च्या जुलैत प्रागबाहेरच्या व्हीत्कोव्ह टेकडीवर धर्मयुद्धी फौजेची चाल अशाच लोकांनी मोडून काढली.

इथे एका गोष्टीचा निकाल लावून टाकतो, कारण ती कोणीतरी विचारणारच. आखूड दांडा, साखळी आणि टोकाला काटेरी गोळा. सिनेमांत प्रत्येक दुष्ट सरदाराच्या हातात असतो तो. खरा होता का? दोन हातांचं मळणीचं दांडकं नक्की होतं. रशियात वादीला बांधलेले हाडाचे, धातूचे लहान गोळे उत्खननांत सापडले आहेत. पण पश्चिम युरोपातल्या चिलखती सरदाराच्या एका हातातली ती साखळी मध्ययुगीन चित्रांत क्वचित भेटते, आणि संग्रहालयांतले कितीतरी नमुने एकोणिसाव्या शतकातल्या हौशी लोकांसाठी बनवलेले निघाले आहेत. विचार करा, घोड्यावर बसलाय, गोळा गरगरतोय, वार चुकला. पुढचा ठोका कोणाला बसणार? घोड्याला.

झिझ्का 1424 मध्ये मेला, तोवर त्याचे दोन्ही डोळे गेले होते. दहा वर्षांनी लिपानीच्या लढाईत हुसवाद्यांमधल्याच मवाळ गटाने कॅथलिकांशी हातमिळवणी करून जहाल गट संपवला, आणि ही मळणी थांबली.

पण झिझ्काची चित्रं पाहा. ‘येना कोडेक्स’ नावाची 1500 च्या सुमाराची सचित्र पोथी आहे. तीत तो पांढऱ्या घोड्यावर बसून पुढे चालला आहे आणि मागे त्याचे लोक, खांद्यावर मळणीची दांडकी घेतलेले. व्हीत्कोव्ह टेकडीवर आज त्याचा नऊ मीटर उंच ब्राँझचा अश्वारूढ पुतळा उभा आहे. चित्रातही आणि पुतळ्यातही त्याच्या हातात काय आहे? मळणीचं दांडकं नाही. सरदारी गदा आहे. ज्या माणसाने सरदारांना शेतकऱ्यांच्या अवजाराने झोडपलं, त्याला सेनापती म्हणून दाखवायचं तर चित्रकारालाही आणि शिल्पकारालाही सरदाराचीच खूण हवी वाटली. दांडकी मागच्या माणसांकडे राहिली.

अध्यक्षांनी मघापासून दोनदा घड्याळाकडे पाहिलं आहे. प्रश्नांसाठी वीस मिनिटं राखून ठेवली आहेत, कौमोदकीबद्दल सोडून काहीही विचारा.